झाकलेला गहू

पैलवानाने ताडपत्रीचं एक टोक ओढलं की दुसऱ्या टोकाला गहू डोकावत होता. जन्मात कधी आखाड्यात न उतरलेल्या या काटकुळ्या माणसाला गावाने पैलवान कधी केलं कोण जाणे, पण आज तो खरोखर कुस्ती मारल्यासारखा शेडभर नाचत होता. दुसऱ्याची जमीन खंडाने कसायला घेतल्यापासून खंड, खत, डिझेल वजा जाता हातात काही उरलंय, असं हे पहिलंच वर्ष.

"आधी ते हसू आवरा," बायको म्हणाली. "ताई येतायत. हा ढीग दिसला तर खंड वाढलाच म्हणून समजा."

"आवरत नाहीये गं."

"मग मागच्या साली पिकावर पडलेला तांबेरा आठवा."

त्याने आठवला. तोंड आपोआप उतरलं.

ताई म्हणजे जमिनीची मालकीण. ती नर्स होती. नवरा गेल्यावर ती शेत खंडाने देऊ लागली होती. कापणी झाली की पुढच्या वर्षाचा खंड मोकळ्या शेतात, बांधावर बसूनच ठरायचा. ड्यूटी संपवून ती तशीच आली.

"कसं झालं पीक?"

"कसलं काय, ताई. यंदाही तांबेऱ्याने वाट लावली. खंड निघाला हेच नशीब."

आवाज असा पडलेला, की बायकोला मनातून नवऱ्याचं कौतुकच वाटलं. नर्सने समोरचं एक धसकट उपटून बघितलं.

"मग सोडा ही जमीन," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनीही हिच्यापायी उभा जन्म घातला. एकदाही पोती भरली नाहीत. आता तुमचं वाटोळं मला बघवत नाही. वीटभट्टीवाला मागतोय, त्याला देऊन टाकते. माती खणून नेईल तर नेऊ दे."

पैलवानाचं नाटक जरा जास्तच वठलं होतं. बायकोने मात्र नर्सचा हात धरला आणि तिला तरातरा शेडकडे नेलं. ताडपत्री तिनेच ओढून काढली.

नर्सने बाही वर सारून कोपरापर्यंत हात गव्हात खुपसला, बाहेर काढला, पुन्हा खुपसला.

"हा आपल्या शेतातला?"

"सगळा," पैलवान म्हणाला. "खोटं बोललो, ताई."

तिने ते ऐकलंच नसावं. ती हसत होती. इतका आनंद कुठे ठेवू, असं तिला झालं होतं. तिने मूठभर गहू पर्समध्ये टाकला, मग आणखी एक मूठ.

"मग खंड वाढणार बरं का," ती म्हणाली.

"वाढवा," बायको म्हणाली. पैलवान काही बोलणार, तोच तिने त्याच्या पायावर पाय दिला.

नर्सने तिथूनच वीटभट्टीवाल्याला फोन लावला.

"जमीन द्यायची नाही," ती म्हणाली. पलीकडचं थोडं ऐकून घेतलं. "छे हो, पैशाचं नाही. यंदा आमच्याकडे गहू झालाय."