काळ्या गोटीचा दिवस

डब्यात हात घालताना ढगोबा नेहमी डोळे मिटून घ्यायचा. डब्याचं तोंड इतकं अरुंद होतं की उघड्या डोळ्यांनाही आतलं काही दिसलं नसतं, पण सवय ती सवय. त्याने गोटी बाहेर काढली आणि मूठ उघडली.

"काळी," समोरचा पहारेकरी म्हणाला. साक्षीदार म्हणून त्याला रोज एवढा एकच शब्द बोलायचा असे, आणि तोही तो जांभई देत बोले.

ढगोबाने गोटी पेटीतल्या उद्याच्या कप्प्यात टाकली, कुलूप लावलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य बुडायला आला तरी धक्क्याचे दगड तापलेलेच होते. उद्याचा दिवस या उन्हाळ्यातला सर्वांत वाईट असेल, असं हवामानवाले सकाळपासून कानीकपाळी ओरडत होते.

ढगोबा हे नाव गल्लीने ठेवलेलं. मूळचा तो पंप मेकॅनिक. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात सारं आयुष्य गेलेलं. निवृत्त झाल्यावर या प्रकल्पाने त्याला फवाऱ्याचे पंप चालवायला बोलावून घेतलं. किनाऱ्यापासून आत समुद्रात एक बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी होडी, नांगरलेली होती. तिच्यावरून खाऱ्या पाण्याचा अगदी बारीक फवारा हवेत सोडायचा, त्याने खालचे ढग अधिक पांढरे होतात, ते ऊन परतवतात आणि गावाला थोडा गारवा मिळतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. अंदाजच तो. खरा की खोटा हे पाहण्यासाठी सगळा खटाटोप होता. पांढरी गोटी निघाली तर फवारा, काळी निघाली तर फवारा उडवणारे पंखे नुसते कोरडे फिरवायचे. गावातून दोन्ही दिवस सारखेच दिसत. तापमान मोजणाऱ्यांना, अगदी प्रकल्पप्रमुख डॉक्टरबाईंनाही, आज कोणता दिवस आहे ते ठाऊक नसे. ठाऊक असलं की माणूस आपल्याला हवं तेच मोजतो, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळा संपला की पेटी उघडायची. तोवर गुपित ढगोबा आणि पहारेकरी या दोघांत.

अर्थात गावाला हे गोटीचं प्रकरण माहीत होतं, त्यामुळे ढगोबाला रस्त्याने सरळ चालणं मुश्कील झालं होतं. कोणाच्या घरी तान्हं मूल असे, त्याला पांढरी हवी. कपडे धुणाऱ्या बाईंना काळी हवी, कारण कपडे वाळायला हवेत. जणू काही गोट्या याच्या खिशातून निघत होत्या. ढगोबा मिठाची गुळणी धरून पुढे जाई.

आठवड्यापूर्वी, पहिला म्हातारा उन्हाने गेला तेव्हा, तो डॉक्टरबाईंकडे गेला होता. हा आठवडा सगळाच पांढरा केला तर काय बिघडलं, असं त्याने विचारलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि समजावलं, की मग गारवा फवाऱ्याने आला की वाऱ्याने हे कधीच कळणार नाही. पलीकडच्या किनाऱ्याचे लोक आत्ताच म्हणतायत की तुमच्या ढगांपायी आमचा पाऊस आटेल. सरकारने समिती नेमली आहे. तिच्यापुढे पुरावा नसला तर पुढच्या वर्षी कोणीच परवानगी देणार नाही, आणि हे उन्हाळे काही थांबणार नाहीत. ढगोबाला ते पटलं. पटलं याचाच त्याला नंतर जास्त राग आला.

घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईने त्याला लहानाचं मोठं केलं. तिचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि ताई परत भावाच्या वरच्या मजल्यावर आली. वर पत्र्याचं छप्पर. दुपारी ती खोली भट्टीसारखी तापायची. म्हाताऱ्या माणसांसाठी नगरपालिकेने शाळेच्या सभागृहात कूलर लावले होते, तिथे ताई रोज छत्री घेऊन जायची आणि रोज कुरकुरत परत यायची. तिथल्या म्हाताऱ्या सारख्या दुखण्यांचीच गाणी गातात, असं तिचं म्हणणं. रोज सकाळी ती विचारायची, "आज काय रे, पांढरी का काळी?" आणि ढगोबा चहाच्या कपात तोंड खुपसायचा.

त्या सकाळी ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, छत्री मांडीवर आडवी. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाय सुजले होते.

"आज नाही जात मी. अंगात त्राणच नाही रे."

"ताई, आज जायलाच हवं."

"का? काळी निघाली?"

'जायलाच हवं' हे शब्द तोंडातून निसटून गेल्याचं ढगोबाच्या आत्ता लक्षात आलं. इतके दिवस गप्प बसलो ते चाललं, पण आत्ता गप्प बसलो तर तेच उत्तर ठरेल. आणि ती इतकी थकली होती. त्याच्या शाळेच्या दिवसांत रात्रपाळी करून आल्यावर ती अशीच पायरीवर बसायची. फवाऱ्याने काही फरक पडतो की नाही, हे खुद्द डॉक्टरबाईंनाही सांगता येत नव्हतं. मग एका दिवसाने असं काय होणार होतं?

"पांढरी आहे," तो म्हणाला.

ताईचा चेहरा सैल पडला. "मग झालं तर. पडते घरीच." तिने उठून छत्री खिळ्याला अडकवली. धक्क्यावर बार्जकडे नेणाऱ्या बोटीचा भोंगा झाला आणि ढगोबा निघाला. जिना उतरताना एकदा वाटलं, परत जावं. तो गेला नाही.

दुपारी बार्जवर पंखे कोरडे फिरत असताना वायरलेसवर निरोप आला. शेजारची शिवणकामवाली हाका मारून थकली, तेव्हा तिने दार ढकललं होतं. ताई पलंगावर नव्हती, खाली फरशीवर होती. फरशी गार लागेल म्हणून झोपली असावी. फरशीही तापलेलीच होती.

भाची आली. सगळं उरकलं. घरात दोघं एकमेकांना सांभाळून वागत होते, भांड्यांचा आवाजसुद्धा होऊ न देता. समितीची जाहीर सभा आली तेव्हा, मामा, माझ्याबरोबर चल, एवढंच ती म्हणाली. ऊन होतं म्हणून तिने खिळ्यावरची छत्री घेतली.

सभा त्याच शाळेच्या सभागृहात होती, त्याच कूलरांच्या घरघरीत. पुढच्या उन्हाळ्यात प्रयोग चालू ठेवायचा की नाही, यावर लोक बोलत होते. भाचीची पाळी आली.

"माझी आई पांढऱ्या गोटीच्या दिवशी गेली," ती म्हणाली. "सकाळी तिने मला फोन केला होता. मामा म्हणालाय आज फवारा आहे, म्हणून घरीच थांबते, असं म्हणाली. तुमच्या ढगांवर विसंबली ती. हे बंद करा, मला एवढंच सांगायचंय."

डॉक्टरबाई मान खाली घालून बसल्या. त्यांना उत्तर देता येत नव्हतं, कारण त्यांना माहीतच नव्हतं. ढगोबाने फक्त गप्प बसायचं होतं. पेटी उघडेपर्यंत गप्प बसणं हा तर नियमच होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच नियम त्याची बाजू घेत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. तो उभा राहिला.

"काळी होती," तो म्हणाला. अध्यक्षांना ऐकू गेलं नाही, त्यांनी मोठ्याने बोलायला सांगितलं.

"त्या दिवशी काळी निघाली होती. फवारा नव्हता. मी ताईला खोटं सांगितलं."

सभागृहात कुजबुज उठली. समितीतल्या एकाने डॉक्टरबाईंना विचारलं, म्हणजे फवारा असता तर त्या वाचल्या असत्या का?

"माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते कळावं म्हणूनच हे सगळं होतं." मग त्या ढगोबाजवळ आल्या आणि रागावल्या नाहीत, नुसता हात पुढे केला. त्याने पेटीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

बाहेर रस्ता पांढराफटक पडला होता. भाची त्याच्याकडे न बघता म्हणाली, "का रे मामा?"

"दमली होती ती."

ती छत्री उघडून पुढे चालू लागली. ढगोबा मागून. कोपऱ्यावर ती थांबली. वळली नाही, पण छत्री तिने एका बाजूला कलती धरली, शेजारी आणखी एक माणूस मावेल इतकी. ढगोबाही थांबला, तिच्या चार पावलं मागे, उन्हात. ती पुन्हा चालू लागली तेव्हा तो निघाला, आणि घर येईपर्यंत त्याने ते अंतर तसंच ठेवलं.