चिमणीच्या गाण्यांची प्रुफं

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासलेला माणूस निवृत्त झाला, की औषधाच्या बाटल्यांवरच्या वेलांट्या दुरुस्त करत बसतो. चिमणीच्या बाबांचं तेच झालं होतं. चिमणी हे लेकीचं घरातलं नाव. बाहेर ती एका हेवी मेटल बँडमध्ये गायची, आणि गायची म्हणजे अशा डरकाळ्या फोडायची, की शेजारीण दोनदा विचारून गेली होती, "पोरगी बरी आहे ना?"

बँड चौघांचा. एक कंपनी त्यांचा अल्बम काढायला तयार होती, पण म्हणाली, आवाज जरा गोड करा. चौघांनी कंपनीला लांबूनच हात जोडले आणि ड्रमवाल्याच्या मामाच्या गोदामात, भिंतींना गाद्या लावून, नऊ गाणी स्वतःच रेकॉर्ड केली. आता सोबत गाण्यांची पुस्तिका छापायची होती.

"बाबा, एवढं बघता?" चिमणीनं भीतभीतच कागद पुढे केले.

"मूळ प्रत कुठाय?"

"मूळ प्रत म्हणजे... गाणीच की."

"मग तीच ऐकव. मुळाशी ताडल्याशिवाय मी कधी सही केलेली नाही."

पहिल्याच डरकाळीला बाबा खुर्चीत दचकले. पण वाईट अक्षराची सवय होते तशी त्या आवाजाचीही झाली. तिसऱ्या दिवशी त्यांना एकेक शब्द सुटा ऐकू यायला लागला. सहाव्या गाण्यापाशी मात्र ते अडले. तीच ओळ त्यांनी चारदा ऐकली, मग लेकीला हाक मारली.

"कागदावर आहे, 'दार बंद होतं'. तू गातेस, 'दार मीच बंद केलं'. कुठलं ठेवू?"

आई गेली तेव्हा चिमणी पंधरा वर्षांची होती. शेवटचा आठवडाभर ती आईच्या खोलीत गेलीच नव्हती. आपल्या खोलीचं दार लावून, मोठ्यानं गाणी लावून बसायची.

"गायलेलं," ती म्हणाली. "लिहायचा धीर झाला नाही."

बाबांनी चष्मा काढला. "तिला ओढून आणू नका, असं तुझी आईच म्हणाली होती. भिंतीपलीकडून तुझा तो धांगडधिंगा सुरू झाला, की डोळे मिटून म्हणायची, आहे, पोर घरातच आहे."

"हे आजवर बोलला नाहीत!"

"मला वाटलं, तू विसरलीस. उगाच खपली कशाला काढा."

डरकाळ्या फोडणारी चिमणी लहान मुलीसारखी मुसमुसली. डोळे पुसत तिनं विचारलं, "मग आता ओळ बदलू?"

"छे! गायलीस तीच छापायची," म्हणत बाबांनी लाल शाईनं ओळ दुरुस्त केली आणि तिचं डोकं थोपटलं.

अल्बम निघाला त्या दुपारी छोट्याशा सभागृहात मंचावर चिमणी गात होती आणि खाली पोरं माना झटकत नाचत होती. बाबा मधोमध उभे, कानात कापूस, ओठ गाण्याबरोबर हलताहेत. बाजूला नाचणाऱ्या एका मुलीनं ओरडून विचारलं, "काका, तुम्हाला शब्द कळतात?"

"सगळे!" बाबाही ओरडले. "आत्ता एक खाल्ला तिनं!"