बाराच्या पोटातले तीन

या एबो क्वान्साहचं काय करावं ते मला कळत नाही. मित्रांनो, तुम्हीच सांगा, डोळे मिटून कोणी लिहितं का? हा लिहितो. आठवडाभर दुपारी येऊन एकच सिद्धता त्याने माझ्या अंगावर तेरा वेळा लिहिली, ओठ पुटपुटत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. इथे केप कोस्टच्या विद्यापीठातल्या पोरांत या विद्येला नावच आहे: चघळा आणि ओता. वर्षभर चघळायचं, परीक्षेत ओतायचं आणि रिकामं होऊन घरी जायचं.

मी एक जुनी काळी भिंत आहे, गणित विभागाच्या दुसऱ्या मजल्यावरची. गवंड्याने सिमेंट असं घोटलं होतं की माझ्यावर खडू कधी किरकिरला नाही. रंग संपला की शिपाई कसाव्याचा पाला आणि कोळसा कुटून मला माखायचा. तो रंग मला शोभतो, असं जुने प्राध्यापक म्हणायचे. मी आपलं ऐकून घ्यायची. पुढे शेजारच्या वर्गात पांढरा बोर्ड आला, चित्रं फेकणारं यंत्र आलं, आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. वीज गेली की मात्र सगळे मुकाट माझ्यापुढे येऊन बसतात.

मला शाळा नाही. पण शेवटच्या वर्षाचं अमूर्त बीजगणित चाळीस वर्षं अंगावर झेललंय. त्यात आकड्यांपेक्षा त्यांच्या घराण्यांचा विचार असतो. मोठ्या गटाच्या पोटात छोटा गट नांदत असेल, तर छोट्याच्या संख्येने मोठ्याच्या संख्येला बरोबर भाग जातो, बाकी उरत नाही. एबो चघळत होता ती याचीच सिद्धता. या विषयात तो एकदा नापास झाला होता. पुन्हा झाला तर पदवी नाही. आणि जवळच्या एल्मिना गावात मासे धुरावर सुकवून विकणाऱ्या त्याच्या आईने तर पदवीदानासाठी कापड शिवायलाही टाकलं होतं.

मंगळवारी वीज नव्हती, म्हणून हा विषय शिकवणाऱ्या डॉक्टर अराबा ओटू बाईंनी त्याला तोंडी परीक्षेला माझ्यापुढे उभं केलं. पुस्तकात मोठ्या गटाला जी म्हणतात, छोट्याला एच.

बाई म्हणाल्या, "आज उलट. मोठा एच, त्यात बारा जण. छोटा जी, त्यात तीन."

"हो मॅडम," म्हणून एबोने डोळे मिटले आणि ओतलं. जसंच्या तसं.

"शेवटची ओळ वाच."

"एचच्या संख्येने जीच्या संख्येला बरोबर भाग जातो."

"म्हणजे बाराने तीनला?"

"हो मॅडम."

"अस्सं! मक्याच्या केंकीचे गोळे तीन, जेवणारे बारा, आणि प्रत्येकाला अख्खा गोळा? तुझ्या घरी जेवायला यायला हवं!"

वर्ग खो खो हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "एबो, ओतून झालं ना? आता भांडं विसळ!"

बाई हसल्या नाहीत. "शुक्रवारी ये. जी, एच असलं अक्षर एकही नको. मला पटवून दे. ही शेवटची संधी."

बुधवारी एबो आला आणि खडू धरून नुसता उभा राहिला. पुटपुटायला पाठ केलेलं काही नव्हतं, म्हणून डोळे उघडे होते. शेवटी त्याने एक घड्याळ काढलं. चार-चार तासांच्या उड्या मारल्या: बारा, चार, आठ. हे छोटं घराणं. तिघांना एकेक तास पुढे सरकवलं: एक, पाच, नऊ. मग दोन, सहा, दहा. मग तीन, सात, अकरा. पुन्हा सरकवलं, तर चार, आठ, बारा!

"अरे, हे तर पहिलेच तिघे!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की माझ्यावरचा सरडा पळाला. "एकतर सगळे नवे, नाहीतर सगळे जुने. अर्धेमुर्धे कधीच नाहीत! मग बाकी उरेल कुठून?"

शुक्रवारी त्याने हेच सांगितलं. बाईंनी तीन आडवे प्रश्न घातले. एकात तो चुकला, आणि स्वतःच थांबून सुधारला. "पास," म्हणाल्या आणि निघून गेल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं.

आणि सोमवारी हा शहाणा खालच्या वर्गातली पाच पोरं घेऊन आला. माझ्यावर तेच घड्याळ काढलं आणि खाली ठळक लिहिलं: 'हे जसंच्या तसं पाठ करा. मॅडम हेच विचारतात.' पोरं माना खाली घालून उतरवायला लागली.

मित्रांनो, मग मात्र मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "एबो क्वान्साह, तू पास झालास, पण अक्कल अजून जिन्यातच उभी आहे! पूस ते. त्या पोरांच्या हातात खडू दे आणि त्यांचं त्यांना चुकू दे. भिंतीला काय, काहीही लिहिलं तरी चालतं. पोरं म्हणजे भिंती नव्हेत!"