कुत्र्यांवर उगारलेला खराटा

माझ्याकडे बघून कुणी थांबत नाही, आणि थांबावं असं माझ्यात काही नाही हे मलाही कळतं. मी एक खराटा. नारळाच्या हिरांचा, दांडा नसलेला, वाकून झाडायचा. पण सामोआच्या एका किनाऱ्यावरच्या गावात काही दिवस मी शस्त्र म्हणून मिरवलोय. ती हकिगत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म माकेरितामावशीच्या मांडीवर झाला. तिने पडलेली झावळी ओढत आणली, एकेक पात सोलून हीर काढले, सुरीने तासले, उन्हात वाळवले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन माझी कंबर करकचून आवळली. "हा वर्षभर टिकला नाही तर नाव बदलीन," ती म्हणाली. माझ्याबद्दल कुणी काढलेले हे पहिले शब्द. मी ते फार मनावर घेतले.

मग मी लुपेच्या हातात गेलो. लुपे चौदा वर्षांची, मावशीपाशीच वाढलेली. ती इतकी हळू बोलायची, की जेवताना तिने मीठ मागितलं तर मीठ येईपर्यंत जेवण संपलेलं असायचं. माझ्याशी मात्र ती रोज सकाळी बोलायची. अंगणात नीरफणसाची मोठी मोठी पानं पडलेली असत. ती झाडता झाडता ती बारा ओळी पुटपुटायची आणि विचारायची, "जमेल का रे मला?"

त्या बारा ओळी मुलांच्या रविवारच्या होत्या. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी चर्चमध्ये मोठी माणसं गप्प बसतात आणि पांढरे कपडे घातलेली मुलं बोलतात. लुपेने आजवर मागच्या रांगेत उभं राहून नुसते ओठ हलवले होते. या वर्षी पाद्रीबाईंनी तिला बारा ओळी एकटीने म्हणायला दिल्या होत्या. तिला त्या म्हणायच्या होत्या. मी तिच्या मुठीत असायचो, म्हणून मला ठाऊक आहे. ओळी आठवल्या की तिची मूठ घट्ट व्हायची.

तालीम रोज दुपारी चर्चला लागून असलेल्या पाद्रीबाईंच्या घरी असे. तिकडची वाट शेजारच्या तोएतूंच्या अंगणातून, त्यांच्या बिनभिंतींच्या घरासमोरून जायची. वळसा घालून गेलं तर तालीम अर्धी होऊन जाई.

तोएतू म्हणजे गावाच्या वतीने सभेत बोलणारे मानकरी. त्यांचं भाषण ओहोटीला सुरू झालं तर भरती आल्यावर संपतं, असं मावशी म्हणायची. ते दिवसभर खांबाला टेकून मांडी घालून बसत, आणि अंगणात त्यांचे तीन कुत्रे असत. एक किंग, दुसरा लेओ आणि तिसरी पिसुपो. पिसुपो म्हणजे डब्यातलं खारवलेलं मांस. नाव खाण्याचं, पण चावायची तीच.

पहिल्या दिवशी तिघे एकदम अंगावर धावून आले आणि लुपे घरी पळाली. दुसऱ्या दिवशी ती केळींच्या आड उभी राहून कुत्रे झोपायची वाट बघत राहिली. कुत्रे झोपले नाहीत, तालीम संपली. पाद्रीबाईंनी निरोप धाडला, आणखी एक तालीम बुडली तर ओळी नोफोला देईन. नोफो लुपेच्याच वर्गातली. तिचा आवाज असा, की ती हसली तर माडावरचे पक्षी उडत.

मावशी तडक कुंपणाशी गेली. मी तिच्या हातातच होतो.

"अहो मानकरी, तुमच्या कुत्र्यांनी आमच्या पोरीचं घराबाहेर पडणं बंद केलंय!"

"माकेरिता, माझे कुत्रे माणूस ओळखतात. चांगल्या माणसाच्या वाटेला जात नाहीत."

"मग गेल्या महिन्यात पाद्रीबाबांची पोटरी धरली ती?"

"त्या रविवारी प्रवचन फार लांबलं होतं."

"लांबण्याबद्दल तुम्ही बोलताय?"

भांडण तिथेच संपलं, कारण तोएतूंना हसू आवरेना आणि मावशीला तर त्यांच्या आधी फुटलं. कुत्रे मात्र मोकळेच राहिले. आणि लुपेच्या मनात एक वाक्य रुतून बसलं. चांगल्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय.

तिसऱ्या दिवशी ती मला घेऊन निघाली.

काय सांगू तो दिवस! ती मला डावीकडे उगारी, मी सर्रकन आवाज करी, किंग मागे सरे. तोवर उजवीकडून लेओ येई. मागून पिसुपो तिच्या परकराचा काठ धरी. मी पिसुपोच्या नाकावर बसलो तेव्हा कुठे आम्ही पार झालो. माझे चार हीर तुटले, पण छाती फुगली होती. पानं गोळा करणं हे काय काम आहे, असं मला वाटू लागलं.

"हे काय गं, खराटा कशाला?" पाद्रीबाईंनी विचारलं.

मानकऱ्यांच्या कुत्र्यांची तक्रार त्यांच्या दारात कशी करणार? "झाडायला," लुपे पुटपुटली.

"बघा रे, शिका जरा! न सांगता झाडायला आली!"

झालं. त्या दिवसापासून तालमीआधी चर्चसमोरचं पटांगण झाडणं लुपेकडे आलं. नोफो पायरीवर बसून केळ्याचे काप खायची. "आली बाई खराटाराणी! लुपे, लग्नातही घेऊन जाशील ना गं याला?" मग कापांची पुडी लुपेपुढे धरायची. मनाची वाईट नव्हती ती.

झाडून झालं की तालीम. कुत्र्यांतून आलेल्या लुपेचा आवाज तेव्हाही बाहेर फुटत नसे. "ओळी पाठ आहेत," पाद्रीबाई म्हणत, "पण त्या तुझ्यात आणि तुझ्या खराट्यातच राहतात."

एक गोष्ट मला खटकायची. नोफोची वाटही तीच होती. ती मान वर करून, हात हलवत, खात खात तोएतूंच्या समोरून जायची. कुत्रे कानसुद्धा हलवत नसत. तोएतूच मागून ओरडत, "नोफो! पाठीत बांबू घातलाय का? मोठ्या माणसासमोरून कसं जावं ते त्या लुपेकडून शीक!"

लुपे जायची तशी कुणीच जात नसे. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून जाताना कमरेत वाकायचं आणि 'तुलोऊ' म्हणायचं, म्हणजे समोरून जाते, राग मानू नका, ही आमच्याकडची रीत. लुपे जेमतेम ऐकू येईल असं तुलोऊ म्हणायची आणि खूप वाकायची. चांगलं माणूस ठरायचं म्हणून दर दिवशी थोडी जास्तच. आणि कुत्रे दर दिवशी जास्तच चवताळायचे.

रविवारला नऊ दिवस उरले असताना तर त्यांनी वाटच अडवली. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, पण तिघे हटेनात. लुपे माडाच्या खोडाला पाठ लावून उभी राहिली. पलीकडे तालमीची घंटा झाली. तिच्या मुठीला घाम फुटला आणि मी निसटायला लागलो. माझ्यासारख्या योद्ध्याला ही लाजेची गोष्ट होती.

"हाड! हाड!" करत तोएतू घरातून उतरले. सभेला निघायचं म्हणून त्यांनी नवी लुंगी गुंडाळली होती आणि खांद्यावर मानकऱ्याची चवरी होती. चवरी काथ्याची, म्हणजे तीही नारळाचीच, माझी नातलग. पण ती मला कधी ओळख दाखवत नसे. पायरी उतरताना ती खांद्यावरून घसरून पडली. ती उचलायला तोएतू वाकले.

कुत्र्यांनी लुपेला सोडलं आणि गर्रकन वळून ते मालकावर धावले. किंग भुंकला, लेओने चवरी पळवली आणि पिसुपोने नवी लुंगी धरून अशी ओढली, की मानकरी ठिपक्याठिपक्यांच्या चड्डीवर अंगणात उभे राहिले.

मावशी आवाज ऐकून धावत आली होती. ती हसता हसता कुंपणाला धरून खालीच बसली. "मानकरी! तुमचे कुत्रे माणूस ओळखतात म्हणे!"

तोएतू ताठ झाले, आणि कुत्रे गप्प झाले. पिसुपो तर लुंगी टाकून शेपूट हलवायला लागली.

तेव्हा लुपे बोलली. माझ्याशी नव्हे, माणसांशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आजोबा, तुम्ही वाकलात म्हणून!"

"म्हणजे?"

"आंबे पाडायला पोरं येतात, ती वाकून दगड उचलतात आणि कुत्र्यांना मारतात. वाकलेलं माणूस दिसलं की यांना वाटतं, आता दगड येणार. नोफो वाकत नाही. मी वाकते. आणि वर माझ्या हातात हा."

हा, म्हणजे मी. मी तिचा रक्षक! इतके दिवस मीच आगीत तेल ओतत होतो. माझे उरलेसुरले हीरही गळून पडावेत असं मला झालं.

 लुंगी गुंडाळता गुंडाळता गावभर बोलणारे तोएतू एवढंच म्हणाले, "मग ताठ जा."

"तुमच्यासमोरून? ताठ?" लुपेचे कान लाल झाले. "मला नाही जमणार. लाज वाटते."

"मघाशी माझी चड्डी बघितलीस. आता कसली लाज?" मग ते जरा मऊ झाले. "हे बघ पोरी, मान कमरेतच असतो असं नाही. कमरेत घालता येत नसेल तर आवाजात घाल. जा, घंटा झालीय."

लुपेने मला त्यांच्या पायरीला टेकवून ठेवलं. हात मोकळे सोडून ती चालायला लागली. पिसुपो उठली. लुपे थांबली, वाकली नाही. "तुलोऊ," ती म्हणाली.

"काय? माझ्या कुत्र्यांनाही ऐकू आलं नाही!"

"तुलोऊ!"

पिसुपो खाली बसली. तालीम सुरू व्हायला आली होती, पण लुपे पोचली.

येताना मला घेऊन जाईल असं वाटलं होतं. ती विसरली. मला राग आला, खोटं कशाला सांगू? मावशी म्हणाली, "राहू दे तिकडेच. त्या अंगणाला गरज आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी तोएतूंनी मला उचललं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा स्वतःचं अंगण झाडायला घेतलं. ते वाकले की तिघे गुरगुरत लांब पळायचे. ते तसेच झाडत राहिले. चार दिवसांनी गुरगुर थांबली. आठवड्याने पिसुपो माझ्या पुढ्यातच आडवी पडू लागली आणि तिला सरकवून झाडावं लागे. आंब्यांसाठी येणाऱ्या पोरांना तोएतूंनी घरात बसवून आंबे दिले आणि वर एक भाषणही. भाषणानंतर एकही दगड आला नाही.

आणि रोज दुपारी, "ऐकू आलं नाही!" "तुलोऊ!" "शेवट गिळलास. परत!" "तुलोऊ, आजोबा!" "आता कसं! आता ओळी म्हण." लुपे अंगणात उभी राहून त्या बारा ओळी म्हणायची. श्रोते म्हणजे एक म्हातारा, तीन कुत्रे आणि मी.

मुलांच्या रविवारी सगळं गाव चर्चमध्ये गेलं. तोएतू मुद्दाम सगळ्यात मागच्या बाकावर बसायला गेले. अंगणात मी आणि कुत्रे उरलो. चर्चमधून गाणी ऐकू येत होती. मग लहान मुलांचे किलबिलते आवाज, मग नोफोचा, माडांवरून येणारा. त्यानंतर शांतता झाली. ती इतकी लांबली, की मला वाटलं, गेलं सगळं.

मग आवाज आला. स्वच्छ, बिनघाईचा. पहिली ओळ, दुसरी ओळ. पिसुपोने मान उचलली. किंगचे कान उभे राहिले. बाराव्या ओळीचा शेवटचा शब्दसुद्धा तिने गिळला नाही. तो चर्चच्या खिडक्यांतून निघून आमच्या पायरीपर्यंत आला. ओळखीचा आवाज ऐकून तिघे उठले आणि शेपट्या हलवत चर्चच्या दारात जाऊन बसले.

आता मी झिजून अर्धा झालोय. मावशी नवे हीर तासतेय, म्हणजे माझे दिवस भरत आले. रविवारचं जेवण शिजवायच्या भट्टीत जाईन. नारळाचे हीर छान पेटतात. जाण्यापूर्वी एवढंच मागणं आहे. येणाऱ्या नव्या खराट्याला कुणाच्या अंगावर उगारू नका. त्याला पानं द्या, भरपूर पानं. आणि झाडताना त्याच्याशी दोन शब्द बोला, जरा मोठ्याने.