भागीरथीच्या न्हाणीतला ड्रम

मी ड्रम बोलतोय. निळा, प्लास्टिकचा, दोनशे लिटरचा. नाक मुरडू नका! धारवाडात राहिला असतात तर देवाआधी मला हात जोडले असतेत.

माझ्या पोटात आधी रंगवाल्यांचं कसलंसं उग्र रसायन होतं. ते संपल्यावर हुबळीच्या बाजारातून भागीरथीनं मला विकत घेतलं, सोड्यानं सात वेळा घासलं आणि धारवाडच्या मळमड्डी भागातल्या आपल्या न्हाणीत उभं केलं.

आमच्याकडे नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं. कधी दहा. ज्या दिवशी येई त्या दिवशी गल्लीत कुणाला जेवायचीही शुद्ध नसे. मी गळ्यापर्यंत भरायचो आणि तेवढ्यावर आठवडा काढायचा.

भागीरथी आरोग्य खात्यात कामाला. घरोघर फिरून तापाचे रोगी लिहून घ्यायची. २००६ साली चिकनगुनियानं थैमान घातलं. धडधाकट माणसं भिंत धरून चालू लागली. मग हिला हुबळीला विद्यानगरात तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. विषय काय, तर साथीच्या वेळी लोकांच्या सवयी कशा बदलायच्या! परत आली ती चित्रांचा तक्ता घेऊन.

माझ्यासमोर उभी राहून पाठ करायची, "नमस्कार. साठवलेलं पाणी दर आठवड्याला ओतून टाका. भांडं घासून एक दिवस कोरडं ठेवा." आणि समोर मी, काठोकाठ भरलेला. मला तर हसूच आवरेना.

तिलाही ते कळत होतं. कपडे धुताना स्वतःशी पुटपुटायची, त्यातून मला सगळं समजलं. प्रशिक्षणात तिनं उठून विचारलं होतं, "साहेब, पाणीच आठ दिवसांनी येतं. ओतलं तर वापरायचं काय? त्यापेक्षा ड्रमाच्या तोंडाला फडकं घट्ट बांधा, असं सांगू का?"

"बाई, तक्त्यावर आहे तेवढंच बोला. आपलं डोकं चालवू नका."

बाकीच्या बाया मान खाली घालून लिहीत राहिल्या. हीही बसली. नोकरी कच्ची, दर वर्षी साहेबांची सही लागायची. तिनं कच खाल्ली. मला तिचा राग येतो आणि कीवही येते.

घरी आल्याबरोबर तिनं जुन्या धोतराचं दुहेरी फडकं माझ्या तोंडावर सुतळीनं आवळून बांधलं. माझ्यात डासाची एकही अळी झाली नाही. गल्लीत मात्र "ओता, ओता" म्हणत फिरली.

कोण ऐकणार? शेजारची मथुरा तर तोंडावर म्हणाली, "अय्यो अक्का, तूच ये की ओतायला! येताना टँकर घेऊन ये." सगळ्या बाया खदखदून हसल्या. भागीरथीही हसली, वहीत 'सांगितले' असं लिहिलं आणि पुढच्या दारी गेली.

श्रावण सरता सरता मथुराच्या लेकीला, रेश्माला, ताप भरला. डेंग्यू. सोळा वर्षांची पोर, सहाव्या दिवशी गेली.

दिवसकार्याला पाहुणे जमले, घरातलं पाणी संपलं, म्हणून मथुरा घागर घेऊन आमच्या न्हाणीत आली. भागीरथी माझी सुतळी सोडायला लागली. मथुरा बघत राहिली.

"हे कशाला बांधलंस?"

"डास आत जाऊ नयेत म्हणून."

"मग मला ओत का म्हणालीस? फडकं तर माझ्या घरातही होतं की गं, अक्का."

  भागीरथीनं फडकं सोडून मथुरापुढे धरलं. "हे घेऊन जा. आजच बांध."

मथुरानं ते घेतलं, नीट घडी घातली आणि माझ्या काठावर परत ठेवलं. "आता कुणासाठी बांधू?" एवढंच म्हणाली, आणि घागर भरून गेली.

त्याला तीन वर्षं झाली. पाणी अजून आठ दिवसांनीच येतं. तक्ता नवा छापून आला, चित्रं रंगीत झाली, मजकूर तोच. माझ्या बुडाला तडा गेलाय, चिंध्या कोंबून मला चालवतात. भागीरथी रोज तक्ता घेऊन बाहेर पडते, मथुराचं दार तेवढं चुकवते.

शिकवणाऱ्या साहेबांनो, एक विनवणी आहे. पुढच्या खेपेला त्या बायांना नुसतं विचारा, "बाई, तुमच्या घरी तुम्ही काय करता?" तुम्ही विचाराल असं मला वाटत नाही. आणि विचारलंत, तरी भागीरथी आता तक्त्यावरचंच सांगेल.