पालवीराच्या एक्केचाळीस चुका

पाल चावली म्हणून माणूस भिंतीवर चढायला लागतो, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याच्या डोक्यात नेमकं भरलंय काय, हा प्रश्न मला दुसऱ्याच पानावर पडला. चाव्यातून जनुकं अंगात शिरत असती, तर डास चावून चावून अख्खं सोलापूर एव्हाना गुणगुणत उडायला लागलं असतं.

मी प्रा. हिंदुराव खटके. मूळचा टेंभुर्णीचा. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. असल्या कॉमिक्सशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण भवानी पेठेत छापखाना असलेल्या संगमेशचा फोन आला.

"सर, एक चित्रांचं पुस्तक छापायलोय. एका संस्थेच्या साठ शाळांत लागणार हाय. पण त्यांची अट हाय की, विज्ञानाच्या प्राध्यापकानं तपासून सही केली पायजे. सही न्हाई तर पुस्तक न्हाई. सोमवारी द्यायचंय."

"लिहिलंय कोणी?"

"लिवलंय बी तिनंच, चित्रं बी तिचीच. तुमचीच विद्यार्थिनी की ओ. रेश्मा. चार वर्षं खपलीय त्याच्यावर."

रेश्मा नावाच्या निदान वीस मुली माझ्या हाताखालून गेल्या असतील. मला एकही आठवली नाही.

पुस्तकाचं नाव 'पालवीर'. टॉवेलच्या कारखान्यातल्या एका तरुणाला प्रयोगशाळेतून निसटलेली पाल चावते, आणि दुसऱ्या दिवशी गडी नव्या पेठेत सराफाच्या दुकानावर सरसर चढून चोर पकडतो. चौतीस पानं. मी लाल पेन काढलं. खोटं कशाला बोलू, निवृत्तीनंतर इतकी मजा मला कधी आली नव्हती.

पान २ : चाव्याने जनुकं जात नाहीत. पान ४ : समजा, गेली. एका पेशीत गेली. बाकीच्या लाखो कोटी पेशींना निरोप कोण देणार, पोस्टमन? शिवाय माणसाची बोटं आईच्या पोटात घडतात. घर बांधून झाल्यावर नकाशा बदलला म्हणून भिंती सरकत नाहीत. पान ११ : पालवीराचा तुटलेला हात एका रात्रीत उगवतो. अहो बाई, पालीची शेपूट उगवते, पाय नव्हे. तिलाही आठवडे लागतात, आणि नव्या शेपटीत हाडसुद्धा नसतं. पान १४ : पालीचं वजन चार-पाच ग्रॅम, याचं सत्तर किलो. अंग मोठं होतं तसं वजन घनाने वाढतं आणि तळव्याचं क्षेत्रफळ वर्गाने. याला भिंतीवर टिकायचं तर तळपाय दाराच्या फळीएवढे हवेत.

पान सहावर पालवीर आपल्या जुन्या प्राध्यापकाकडे मदत मागायला जातो. तो टकलू इसम वहीतून डोकंही वर न काढता त्याला हसून हाकलतो. मी लिहिलं : 'पात्र अवास्तव. असे शिक्षक महाविद्यालयात नसतात.'

आणि पान १९. पूर्ण पानभर पालीचं एकच बोट, आणि त्याच्या तळाला दाट केस. त्या पानावर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. 'पालीच्या बोटांना चूषक असतात. त्याखाली पोकळी तयार होते आणि पाल चिकटते. हे शाळकरी पोरही सांगेल.' ही एक्केचाळिसावी चूक.

रविवारी दुपारी रेश्मा आली. पस्तिशीची, बारीक अंगाची, बोटांना शाई. माझ्या पाया पडली नाही, हे मी टिपलं. मी तिला तासभर सुनावलं. परदेशातल्या मूर्खपणाची नक्कल करायची तर निदान तिकडच्या मूर्खांइतकं तरी वाचा, असंही म्हणालो. ती मान खाली घालून एकेक चूक लिहून घेत होती.

"मान्य आहे, सर," ती म्हणाली. "गोष्ट खोटीच आहे, ते मलाही माहितेय. शेवटी चार पानं वाढवते. 'यातलं खोटं काय' म्हणून तुमचे सगळे मुद्दे छापते. पोरांना तेच जास्त आवडेल की."

एवढ्या समजूतदारपणाची मला अपेक्षा नव्हती. मी सहीसाठी पेनचं टोपण काढलं.

"फक्त पान एकोणीस बदलणार नाही."

"म्हणजे?"

"चाळीस चुका माझ्या. ती नाही. तिथं केसच असतात, सर."

"मग सहीही नाही," मी म्हणालो. "मुलांच्या हातात मी खोटं शास्त्र देणार नाही."

तिने लिहायचा कागद मिटला. मग म्हणाली, "दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत तुम्ही मला हेच विचारलं होतं. पाल भिंतीवर कशी चालते. मी म्हटलं, बारीक केसांमुळे. मासिकात वाचलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पाल वेणी घालते का गं?"

आता मला आठवलं. मुलगी नव्हे, तो विनोद. तो मी पुढे कित्येक बॅचेसना सांगितला होता, आणि दर वेळी वर्ग खदखदून हसला होता.

"शून्य दिलंत. त्याचं काही नाही. पण पोरं मला वेणी म्हणायला लागली. जिन्यात, कँटीनमध्ये, सगळीकडं. परीक्षेला बसलेच नाही मी. वडिलांनी कारखान्यात लावलं, टॉवेलच्या शिलाईवर."

माझा पारा चढला. स्वतःच्या पळपुटेपणाचं खापर ही माझ्या डोक्यावर फोडत होती. "थांब," मी म्हणालो, "आज दाखवतोच तुला."

शोकेसमध्ये निवृत्तीच्या शालीशेजारी एक जुना मायक्रोस्कोप होता. कॉलेजने नवे घेतले तेव्हा भंगारात निघालेला मी घरी आणला होता. पाल शोधायला लांब जावं लागलं नाही. मागच्या खिडकीच्या फटीत एक चेंगरून वाळली होती. मी ब्लेडने तिच्या बोटाची तळाची कातडी काढली, स्लाइडवर ठेवली, मोबाइलची बॅटरी धरली आणि डोळा लावला. चूषक शोधायला.

केस होते.

स्लाइड सरकवली. दुसरं बोट कापलं, तिसरं कापलं. रांगाच्या रांगा केस, आपल्या टॉवेलवर धाग्यांची दाट लव असते तसे. तिने काढले होते अगदी तसे. वाटीसारखं, पोकळीसारखं काही म्हणता काही नव्हतं.

मी आत जाऊन माझ्या नोट्सची वही आणली. पिवळी पडलेली, कडा झिजलेली. पान बावीस : 'पालीच्या बोटांना चूषक असतात.' हे वाक्य मी माझ्या सरांच्या वहीतून उतरवून घेतलं होतं. तेच एकतीस वर्षं सांगितलं, मुलांनी लिहून घेतलं, परीक्षेत ओकलं आणि मी त्याला गुण दिले. प्रयोगशाळेत पालीची बरणी एका टेबलावर असायची आणि मायक्रोस्कोप शेजारच्या. मध्ये दीड हात अंतर. एकतीस वर्षांत ते दीड हात माझ्याच्याने ओलांडले गेले नाहीत. जनुकं कुठून कुठे जात नाहीत, हे जगाला शिकवणारा मी, एक चूक मात्र एका वहीतून दुसऱ्या वहीत बिनबोभाट सोडत आलो होतो.

रेश्मा खुर्चीत तशीच बसली होती. ती उठून बघायलाही आली नाही. तिला गरज नव्हती.

"तू बघितलं होतंस?" मी विचारलं.

"कारखान्यात कापडाचा धागा तपासायला भिंग असतं की, सर. जेवणाच्या सुट्टीत बघितलं. भिंगातून फार दिसत नाही, पण पोकळी नाही एवढं कळलं. मग पुस्तकं वाचली."

मला शरम वाटली. माफी मागावी असं मनात आलं, पण इतकी वर्षं फक्त हुकूम सोडलेल्या तोंडाला ते शब्द सापडेनात. मी पान एकोणीस ओढून घेतलं आणि फुलीवर लिहिलं, 'फुली चुकीची. चित्र बरोबर.' खाली तारीख टाकली.

तिने ते वाचलं. तिचे डोळे भरले, पण रडली नाही. पानं गोळा करताना ती सहाव्या पानावर थांबली.

"सर, हा प्राध्यापक. तुम्ही लिहिलंय, असे शिक्षक नसतात. याला काढून टाकू?"

मी पहिल्यांदा ते चित्र नीट पाहिलं. टक्कल. नाकावर घसरलेला चष्मा. समोर उघडी पिवळी वही, आणि हातात पेन. त्या एका ठिकाणी तिने लाल रंग वापरला होता.

मी माझा शेरा खोडला. त्याच्या शेजारी लिहिलं, 'पान ६ : तपासले. बरोबर आहे.' आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली.