दोन टोपल्यांमधलं झाकण

बरणीचं पत्र्याचं झाकण उताणं ठेवलं की पाण्यावर तरंगतं. कडेवरून पाणी आत शिरलं की तिरकं होतं, क्षणभर थांबतं आणि तळाशी जातं. टबासमोर बसलेली मुलगी हे सातव्यांदा करून बघत होती.

आमच्या बालवर्गासाठी हा उपक्रम मीच आखला होता; आजची तिसरी वेळ. दहा वस्तू, दोन टोपल्या. तरंगणाऱ्या वस्तू निळ्या टोपलीत, बुडणाऱ्या लाल टोपलीत. माझ्या कागदावर प्रत्येक वस्तूपुढे एकच उत्तर होतं. झाकणापुढे 'तरंगते'. घरी एकदाच, अलगद ठेवून पाहिलं होतं.

मुलगी फारशी बोलत नसे. डबा सगळ्यांत शेवटी उघडणार, चपलाही शेवटीच घालणार. मदतनीस मावशी तिला गोगलगाय म्हणायच्या, पण चपला त्याच शोधून द्यायच्या. तिला पहिलीत पाठवायचं की आणखी एक वर्ष इथेच ठेवायचं, हे मी ठरवायचं होतं. तिची आई दोन महिने रोज फाटकाशी विचारायची. मी रोज "बघू" म्हणायचे.

मोठ्या बाई दारात आल्या. "आज तरी सांगा हो. यादी पाठवायचीय."

"तिचं एवढं होऊ दे."

"तिचं होईपर्यंत माझी निवृत्ती येईल," मावशी फडकं पिळत म्हणाल्या. "बाकीची पोरं केव्हाच हात धुऊन मोकळी झाली."

मुलीने नऊ वस्तू टोपल्यांत टाकल्या. झाकण मात्र दोन्ही टोपल्यांच्या मधे, फरशीवर ठेवलं.

मोठ्या बाईंनी माझा कागद उचलला. "हे चुकलं. मागच्या दोन्ही वेळेलाही चुकलंय."

कागदावर तिच्या नावापुढे मारलेल्या त्या दोन्ही फुल्या माझ्याच होत्या. त्या मारताना मी टोपल्या पाहिल्या होत्या. टबाकडे बघितलंच नव्हतं.

मी खाली बसले. "हे मधे का गं ठेवलंस?"

तिने जराशा दयेनेच माझ्याकडे पाहिलं. "हळू ठेवलं की राहतं. पाणी पाजलं की जातं."

"अगं बाई! गोगलगायीला वाचा फुटली," मावशी म्हणाल्या आणि फडकं तसंच हातात धरून टबात डोकावल्या.

मी कागद मागून घेतला आणि दोन्ही फुल्या खोडल्या.

"पहिलीत पन्नास मुलं आहेत," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "तिथे तिच्यासाठी कोणी थांबणार नाही."

"माहीत आहे. तिथल्या बाईंशी मी बोलेन."

"म्हणजे? यादीत काय लिहू?"

"पहिली लिहा," मी म्हणाले. "तिच्या आईला आज मीच सांगते."